आधी दिल्ली, मग मुंबई

गांजाच्या बाबतीत राज्यांनी पुढे व्हावं, दिल्ली मागून येईल, असं मी बरीच वर्षं मानत आलो. बारामतीच्या बाररूममध्ये आणि इंदापुरातल्या शेतकऱ्यांच्या बैठकांत मी ते ठासून मांडलंही. आज माझं मत तसं नाही. गांजा ओढणाऱ्याला किंवा चार झाडं लावणाऱ्याला तुरुंगात घालून गावाचं भलं होतं, असं मला तेव्हा वाटत नव्हतं, आजही वाटत नाही. बदललंय ते सुरुवात कुठून करायची याबद्दलचं मत.

त्या जुन्या मतामागे अभ्यास होता. इंग्रज सरकारच्या हेम्प ड्रग्ज कमिशनने 1893-94 मध्ये हजारावर साक्षी नोंदवल्या आणि सांगितलं, की बेताच्या सेवनाने फारसा अपाय दिसत नाही. सरसकट बंदी नको, परवाना आणि कर पुरे. त्या काळी शेजारच्या नगर जिल्ह्यात हे पीक सरकारी देखरेखीखाली निघत होतं. आपल्या घटनेनेही राज्यसूचीच्या 51व्या नोंदीत दारूच्या बरोबरीने अफू आणि गांजा-भांगेवरच्या उत्पादन शुल्काचा अधिकार राज्यांना दिला. पुढे 14 नोव्हेंबर 1985 पासून अंमली पदार्थांविरुद्धचा एनडीपीएस कायदा लागू झाला आणि त्या अधिकारात फारसं काही उरलं नाही. तरी कलम 10 आणि 14 मध्ये थोडी वाट आहे: औषध-संशोधनासाठी, तसंच तंतू आणि बियांसाठी सरकार लागवडीला परवानगी देऊ शकतं. उत्तराखंडने 2018 मध्ये ती वाट धरली. हिमाचलच्या विधानसभेने सप्टेंबर 2024 मध्ये गांजा लागवडीबाबतच्या आपल्या समितीचा अहवाल स्वीकारला. मग महाराष्ट्राने का थांबावं, हा माझा प्रश्न असे.

ऑगस्ट 2021 मध्ये मोहोळ तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने सोलापूरच्या जिल्हाधिकाऱ्यांना पत्र लिहिलं, की कुठल्याच पिकाला भरवशाचा भाव नाही, दोन एकरांत गांजा लावू द्या. पोलिसांनी ती प्रसिद्धीची खटपट ठरवली. मला त्या पत्रातली हताशा खरी वाटली होती आणि आजही वाटते. भीमा-नीरेच्या पट्ट्यात उसाच्या पुढच्या हप्त्याकडे डोळे लावून बसलेली घरं मी रोज पाहतो.

मत हललं ते खटले चालवता चालवता. इंदापूर तालुक्यातल्या माझ्या एका अशिलाच्या उसात गांजाची झाडं सापडली. उंच ऊस वर्षभर उभा असतो, आत काय आहे ते रस्त्यावरून दिसत नाही. म्हणूनच ही झाडं बहुतेक वेळा उसात नाहीतर मक्यात सापडतात. त्याने मोबाइलवर उत्तराखंडच्या परवान्यांची बातमी पाहिली होती आणि ‘आता सरकारच परवानगी देतंय’ एवढंच लक्षात ठेवलं होतं. सातबारा सामाईक होता. त्यावर भावाचं नाव होतं, म्हाताऱ्या आईचंही होतं. पंचनाम्यानंतर आईलाही चौकशीला बोलावलं. मुळासकट उपटलेल्या ओल्या झाडांचं वजन धरलं गेलं. कायद्याच्या व्याख्येत गांजा म्हणजे फुलोऱ्याचे शेंडे. शेंडे सोबत नसतील तर पानं आणि बिया त्यात येत नाहीत. पण हा मुद्दा कोर्टात मांडण्याची वेळ येईपर्यंत माणूस आत असतो. वजन 20 किलोंवर गेलं की ते व्यापारी प्रमाण, आणि मग कलम 37 खाली जामीन मिळवणं फार अवघड.

कायद्यातली आणखी एक विसंगती मला सतावते. खिशात किलोपर्यंत गांजा सापडला तर जास्तीत जास्त एक वर्षाची शिक्षा. लागवडीला मात्र कलम 20 मध्ये दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड, मग झाड एक असो की शंभर. न्यायाधीश शिक्षा कमी करू शकतात, पण निकाल लागेपर्यंत आरोपीच्या डोक्यावर टांगती राहतात ती दहा वर्षंच.

आता समजा, मुंबईने उद्या परवाने दिले. उत्तराखंडसारखी टीएचसीची, म्हणजे नशा आणणाऱ्या घटकाची, मर्यादा 0.3 टक्के ठेवली. हे प्रमाण वाणाप्रमाणे आणि काढणीच्या वेळेप्रमाणे वर-खाली होतं. मर्यादा ओलांडली तर परवानाधारक शेतकरी आणि कलम 20 यांच्यामध्ये उभं राहायला राज्याकडे काय आहे? केंद्राचा नार्कोटिक्स कंट्रोल ब्युरो मुंबईला बांधील नाही. कंपनी वकील उभा करील. निमगाव केतकीचा दीड एकरवाला काय करील?

अमेरिकेचं उदाहरण मीच सगळ्यांना देत असे. ते नीट वाचलं तेव्हा उरलासुरला उत्साह ओसरला. कॅलिफोर्नियाने 1996 मध्ये औषधी वापराला मान्यता दिली होती. तिथल्या एका आजारी बाईच्या घरी 2002 मध्ये स्थानिक पोलीस आले आणि राज्याच्या कायद्याप्रमाणे सगळं ठीक आहे म्हणाले. सोबत आलेल्या केंद्रीय अधिकाऱ्यांनी तरीही तिची सहाच्या सहा झाडं नष्ट केली. 2005 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने केंद्राचा अधिकार उचलून धरला. 2013 मध्ये तिथल्या केंद्र सरकारने आपल्या सरकारी वकिलांना सबुरीचं पत्रक दिलं, ते जानेवारी 2018 मध्ये मागे घेतलं गेलं. पत्रकाच्या भरवशावर लोकांनी संसार मांडले होते. कोलोरॅडोत माझी भाची राहते. ती सांगते, राज्याने परवाना दिलेल्या गांजाच्या दुकानात साधी नोकरी केली तरी परदेशी माणसाचा नागरिकत्वाचा अर्ज अडू शकतो; तिथल्या केंद्रीय नागरिकत्व कार्यालयाने 2019 मध्ये हे स्पष्टच केलं. आपल्या मराठी मुलांनी हे ध्यानात ठेवावं.

भांगेच्या बाबतीत तर आपल्याकडे गंगा उलटी वाहते. भांग ज्यांची करतात ती शेंड्यांशिवायची पानं दिल्लीच्या कायद्याने गांजातून वगळली. उत्तर प्रदेशात, राजस्थानात भांगेची परवानाधारक दुकानं आहेत. महाराष्ट्रात मात्र 1949 चा दारूबंदी कायदा भांगेलाही मादक पदार्थ धरतो. राज्याच्या हातात आहे तेवढं स्वातंत्र्यही आपण वापरलेलं नाही, म्हणून मी मुंबईला दोष देत होतो. तो दोष मी आजही देतो. पण त्यासाठी गरीब शेतकऱ्याला दोन सरकारांच्या मध्ये उभं करायला मी आता तयार नाही.

माझे काही जुने सहकारी म्हणतात, राज्यांनी रेटल्याशिवाय संसद हलत नाही. त्यांचं म्हणणं मी हसण्यावारी नेत नाही. डिसेंबर 2020 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगात गांजाला सर्वांत कडक यादीतून काढण्याच्या बाजूने भारताने मत दिलं, तरी देशातला कायदा तसाच राहिला. त्यामुळे दिल्लीला हलवणं अवघड आहे, हे मी जाणतो. फक्त त्या रेट्याची किंमत शेतकऱ्याने जामिनाविना भरू नये.

म्हणून राज्य सरकारकडे परवान्यांची मागणी करणाऱ्या निवेदनावर या वेळी मी सही केली नाही. बारामती आणि इंदापूर दोन्ही विधानसभा मतदारसंघ एकाच लोकसभा मतदारसंघात येतात. मी नवं निवेदन लिहिलंय ते आमच्या खासदारांच्या नावे. मागण्या अशा: कलम 20 मध्ये झाडांच्या संख्येप्रमाणे शिक्षेच्या पायऱ्या कराव्यात. वजन फक्त सुकवलेल्या शेंड्यांचं धरावं. परवानाधारकाच्या पिकात टीएचसी मर्यादेबाहेर गेलं तर पीक नष्ट करावं, शेतकऱ्यावर गुन्हा नोंदवू नये. आणि लागवडीत हात असल्याचा पुरावा नसताना केवळ सामाईक सातबाऱ्यावर नाव आहे म्हणून कुणाला आरोपी करू नये. ही शेवटची मागणी त्या अशिलाच्या आईला वाचून दाखवली, तेव्हा तिने स्वतःहून अंगठा उमटवला.