संघम शॉट

पहिली बैलगाडी वेशीत शिरली तशी काकूनं पदर कमरेला खोचला आणि मला मागं टाकून ती थेट गाडीपाशी गेली. बैलांच्या शिंगांना झेंडू, साट्याला ज्वारीची कणसं आणि आत टोपल्यांत, मडक्यांत नुसतं बियाणं. राळा, सावा, कोद्रा, हुलगा, जवस, करडई, अंबाडी, तीन-चार रंगांच्या तुरी. काकू एकेका टोपलीत बोटं घालून दाणे तळहातावर घोळवत पुढं सरकत होती. राळ्याच्या टोपलीशी ती थबकली. "आमच्यात ह्याचा भात शिजून चाळीस वर्षं झाली असतील," एवढंच म्हणाली.

2020 सालचा जानेवारी. संक्रांत होऊन आठवडा झाला होता. उमरग्याहून हैदराबादकडं जाणारी एसटी हुमनाबाद ओलांडून झहीराबादला सोडते. दोन-अडीच तासांचा रस्ता. एके काळी हा सगळा मुलूख निजामाच्या एकाच राज्यातला. पाट्यांवरची अक्षरं आधी कन्नड होतात, मग तेलुगू. ताटातली भाकरी मात्र ज्वारीचीच राहते. काकूला तेलुगू येत नाही आणि तिथल्या बायांना मराठी. सासऱ्याच्या तोंडून ऐकलेली मोडकीतोडकी दखनी तिच्या कामी आली. शिवाय 'अक्का' हा शब्द दोन्हीकडं एकच निघाला.

झहीराबाद परिसरात दर संक्रांतीला जुन्या पिकांची ही जत्रा निघते. बियाण्यांनी सजवलेल्या गाड्या महिनाभर गावोगाव फिरतात. ढोल वाजतो, बाया गाड्यांची पूजा करतात आणि मग गावकरी झाडाखाली बसून बोलतात: यंदा काय पेरलं, कुठलं वाण हातचं गेलं, कुणाकडं शिल्लक आहे. जत्रा भरवतात डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीचे महिला संघम, म्हणजे गावोगावच्या बायांचे गट. सुमारे 75 गावांत पसरलेल्या या संघमांमधल्या बहुतेक बाया दलित, अल्पभूधारक, कित्येकींना अक्षरओळख नाही. त्यांच्या घरच्या कणगीत राखेत घोळवलेलं, कडुलिंबाचा पाला घातलेलं बियाणं असतं. नड असलेल्या बाईनं ते पेरायला न्यायचं आणि सुगी झाल्यावर नेल्यापेक्षा जास्त आणून घालायचं. मध्ये पैसा येत नाही.

ही संस्था सुरू झाली 1983 साली, झहीराबादला लागून असलेल्या पस्तापूरमध्ये. त्याच साली आंध्र प्रदेशात एन. टी. रामाराव मुख्यमंत्री झाले आणि दोन रुपये किलोनं तांदूळ देण्याची योजना आली. त्या तांदळानं गरिबाघरची उपासमार थोपवली, हे कुणी नाकारत नाही. पण तो पिकायचा दूर, पाटपाण्याच्या शेतात. इथल्या कोरडवाहू तांबड्या मातीत ज्वारी काढण्यापेक्षा रेशनचा तांदूळ स्वस्त पडू लागला. दलितांच्या वाट्याला सरकारी वाटपात आलेली जमीन आधीच खडकाळ आणि उताराची. ती पडीक पडत गेली. पेरणी थांबली की आधी बियाणं जातं आणि मग खुरपणी-काढणीची मजुरी.

संघमांनी नव्वदच्या दशकाच्या मध्याला यावर जी तोड काढली, ती काकूला दोनदा समजावून सांगावी लागली. तीसेक गावांमधल्या अडीच हजारांहून जास्त एकर पडीक जमिनीसाठी बायांनी छोट्या शेतकऱ्यांना कर्ज दिलं. नांगरटीला थोडं, खताला थोडं, खुरपणीला थोडं, असं हप्त्याहप्त्यानं. फेड मात्र ज्वारीच्या रूपात, गावच्याच धान्यकोठीत. घरातले दाणे संपतात त्या पावसाळी महिन्यांत हीच ज्वारी गावातल्या गरिबांना कमी भावात मिळू लागली. गावाचं रेशन गावाच्याच रानात पिकू लागलं.

आता गरीब कोण, हे ठरवायचं कुणी? बाया रस्त्यावर रांगोळीनं गावाचा नकाशा काढायच्या. घर अन् घर. कुणाला किती जमीन, कोण सालानं राहिलंय, कुणाच्या दारात म्हैस आहे, कुठली बाई लेकरं घेऊन एकटी आहे, याची सगळ्यांदेखत चर्चा व्हायची आणि त्यातून यादी तयार व्हायची.

"आमच्या गावच्या गरिबांच्या यादीत ट्रॅक्टरवाला होता," काकू म्हणाली, "आन् आमच्याकडं सालं घातलेल्या गड्याचं नावच नव्हतं." तिचं बोलणं कुणीतरी तेलुगूत सांगितलं, तशा बाया खो खो हसल्या. त्यांना त्यात नवल वाटलं नव्हतं.

दुपारी एका संघमवालीनं आम्हाला तिच्या रानात नेलं. जेमतेम दोन एकर. तुरीच्या शेंगा भरल्या होत्या, बांधाला एरंड, काळ्या पट्ट्यात रब्बीची ज्वारी, मध्ये करडई, जवस, हरभरा. विहीर नाही, बोअर नाही. या रब्बी पिकांना तिकडं 'सत्यम पंटलु', म्हणजे सत्याची पिकं म्हणतात, कारण ती दहिवरावर आणि जमिनीतल्या ओलीवर येतात. चालता चालता ती बाई वाकायची, काहीतरी खुडायची आणि ओटीत टाकायची. परत येईस्तोवर करडईचा कोवळा पाला, पाथरी आणि हरभऱ्याचे शेंडे अशी संध्याकाळची भाजी झाली होती. काकू गप्प झाली. आमच्या बारा एकरांत सोयाबीन, त्यावर तणनाशक. पावसाळ्यात चिगळ नाही की तांदुळजा नाही. भाजी आठवडी बाजारातून येते.

माचनूरला या बायांचं रेडिओ केंद्र आहे. युनेस्कोच्या मदतीनं ते नव्वदच्या दशकाच्या शेवटी उभं राहिलं, पण सरकारी परवाना नव्हता. म्हणून बायांनी कार्यक्रम ध्वनिमुद्रित केले आणि कॅसेट संघमांमध्ये नेऊन ऐकवल्या, अशी दहाएक वर्षं. 2006 साली धोरण बदललं आणि 15 ऑक्टोबर 2008 रोजी संघम रेडिओ हवेत गेला. पेरणी, बाळंतिणीचा आहार, ओव्या, जुन्या कथा, सगळं तिथल्याच बोलीत.

रेडिओच्याही आधी त्यांच्या हाती कॅमेरा आला होता. त्याची गोष्ट मी आधी ऐकून होतो. तिथं ती पुन्हा हात हलवून, वाकून दाखवत सांगितली गेली. कॅमेरा खालून वर धरला की समोरचा माणूस थोराड दिसतो. सालगडी मालकाकडं बघतो तसा. त्याला बाया म्हणू लागल्या 'गड्याचा शॉट'. वरून खाली धरला की समोरचा खुजा दिसतो, तो 'पटेल शॉट'. तिकडचा पटेल म्हणजे आपला पाटील. आणि डोळ्याला डोळा भिडेल असा, समान उंचीवरून घेतलेला तो 'संघम शॉट'. संघमात सगळ्याजणी एकाच जाजमावर बसतात ना, म्हणून.

याच बायांनी वरंगळच्या कापूस उत्पादकांकडं पुन्हा पुन्हा जाऊन बीटी कापसाच्या पहिल्या हंगामाचा हिशेब चित्रित केला. त्यांचा तो माहितीपट 2003 साली आला. बियाण्याच्या पिशवीवरचा दावा आणि शेतातलं बोंड यांच्यातलं अंतर त्यांनी शेतकऱ्याच्याच तोंडून मांडलं.

दूरदर्शनची नोकरी सोडून आलेले पी. व्ही. सतीश या कामाच्या मुळाशी होते. संस्थेला 2019 साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. पुढं 2023 हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष ठरलं, सरकारनं या धान्यांना 'श्री अन्न' म्हटलं, शहरांतल्या दुकानांत राळ्याची पाकिटं झळकली. त्याच वर्षी मार्चमध्ये सतीश गेले.

त्या जानेवारीत आम्ही निघताना एका म्हातारीनं काकूच्या पदरात ओंजळभर राळा टाकला. काकूनं पैसे काढले, तर तिनं हात मागं सारला आणि दोन बोटं दाखवली. दुप्पट. काकूनं मान डोलावली आणि गाठ मारली.

जूनमध्ये पाऊस वेळेवर आला. भावानं सोयाबीन पेरलं आणि पिशवीतलं ते बियाणं निम्म्याहून जास्त उगवलंच नाही. त्या वर्षी मराठवाड्यात अशा हजारो तक्रारी झाल्या. आमच्या रानातही पंचनामा झाला, मग दुबार पेरणी. विहिरीकडच्या तुकड्यात काकूनं हातानं पेरलेला राळा मात्र दाट उगवला. भाऊ येता-जाता तिकडं बघायचा, बोलायचा नाही.

श्रावण सरता सरता कणसं वाकली आणि चिमण्या उतरल्या. काकूनं डबा वाजवला, जुनं लुगडं बांधलं, गोफण काढली. उपयोग झाला नाही. आसपासच्या शंभर एकरांत दुसरं कणीसच नव्हतं. शिवारातली सगळी पाखरं त्या दोन गुंठ्यांवर येत होती. झहीराबादला गावभर राळा असतो, तेव्हा पाखरांचा वाटा सगळ्यांत मिळून जातो. इथं तो एकट्या काकूच्या माथी आला.

काढणीनंतर तिनं उरलेलं मापटंभर धान्य सुपात घेऊन पाखडलं. म्हातारीची दुप्पट बाजूला काढली, तरी चार मुठी उरल्या. त्या चार चिंध्यांत बांधून ती शेजारच्या चार घरी गेली. दोघींनी ठेवून घेतल्या. तिसरी म्हणाली, मालकाला विचारते. चौथीच्या घराला कुलूप होतं. ती गाठ घेऊन काकू परत आली, देवळीत ठेवली आणि मला म्हणाली, "संक्रांत कितीला हाय रे यंदा, बघ जरा."