वाढीव हमी

तुळजापुरांत राहणाऱ्या मनुष्यास नव्या मोटारींचें दर्शन जितकें घडतें तितकें दुसऱ्या कोणास क्वचितच घडत असेल. सोलापूर, लातूर, कलबुर्गी, हैदराबाद अशा कोठकोठच्या दुकानांतून बाहेर पडलेली गाडी पहिल्यानें देवीच्या पायांशीं आणावयाची, असा अनेक घराण्यांचा परिपाठ आहे. झेंडूचा हार, चाकाखालीं लिंबू, पुढच्या अंगास कुंकवाचें स्वस्तिक, आणि मालकाच्या चर्येवर आनंद व काळजी यांचें मिश्रण, हें दृश्य येथील महाविद्यालयांत इंग्रजी शिकवीत असतां आम्ही गेलीं पंचवीस वर्षें जातां-येतां पाहत आलों आहों. अलीकडे मात्र एक गोष्ट आमच्या विशेष ध्यानांत येऊं लागली आहे. पूजेच्या वेळीं त्या मालकापाशीं दोन अभयपत्रें असतात. एक देवीचें, दुसरें गाडीच्या खणांत ठेवलेलें, गुळगुळीत कागदावर छापलेलें, आणि रोख रुपये मोजून घेतलेलें. या दुसऱ्यास 'एक्स्टेंडेड वॉरंटी' म्हणतात. आपण त्यास वाढीव हमी म्हणूं.

देवीशीं होणारा करार साधा असतो. भक्त नवस बोलतो, काम झालें तर ओटी भरीन, गोंधळ घालीन म्हणतो, आणि काम झाल्यावर तो फेडतो. म्हणजे देवी आधीं देते व मागाहून घेते. भक्त फिरला तर नुकसान तिचें! वाढीव हमीचा क्रम याच्या नेमका उलट. येथें आधीं मोजावयाचें, आणि प्रसंग आला म्हणजे दुसऱ्या पक्षानें आपलें वचन आठवावयाचें. शिवाय देवळांत चिंतामणि नांवाचा एक वाटोळा दगड आहे. मनांत प्रश्न धरून त्यावर हात ठेविले असतां तो उजवीकडे वळला तर होकार, डावीकडे वळला तर नकार, अशी समजूत आहे. त्या शकुनाविषयीं आमचें मत कांहींहि असो, उत्तर जागच्या जागीं मिळतें एवढें खरें. हमीच्या कचेरीनें आम्हांस पहिलें उत्तर द्यावयास ४१ दिवस घेतले.

'वॉरंटी' आणि 'गॅरंटी' हे शब्द एकाच जुन्या जर्मानिक मुळापासून फ्रेंच भाषेच्या मार्गानें इंग्रजींत आलेले सख्खे भाऊ होत. बाजारांत दोघांचाहि अर्थ निर्भयता असाच समजला जातो. कायद्यांत मात्र 'वॉरंटी'चें स्थान फारसें मानाचें नाहीं. आपल्याकडील १९३० च्या मालविक्रीच्या कायद्याचें १२ वें कलम पहावें. विक्रीच्या मुख्य हेतूस जी अट अत्यावश्यक ती 'कंडिशन'. ती मोडली तर खरेदीदारास करारच संपला असें समजतां येतें. 'वॉरंटी' ही नुसती आनुषंगिक अट. ती मोडली तर भरपाई मागावी, माल परत करूं नये. समुद्री विम्याच्या कायद्यांत तर याहून मौज आहे. तेथें 'वॉरंटी' म्हणजे विमा घेणारानेंच कंपनीस दिलेलें वचन. तें त्यानें पाळलें नाहीं कीं कंपनी मोकळी! मोटारीच्या वाढीव हमीनें नांव विक्रीच्या कायद्यांतून घेतलें व स्वभाव समुद्रावरून आणला, असें आम्हांस तिची नियमावली वाचतांना वाटलें. कंपनी काय करील याची यादी तींत पाऊण पानाची आहे, आणि मालकानें काय काय करीत राहिलें पाहिजे याची चार पानांची.

आमची मोटार २०१९ च्या मे महिन्याच्या आरंभीं घेतलेली. मूळ हमी तीन वर्षांची. तीवर दोन वर्षांची वाढीव आम्हीं पैसे भरून घेतली होती. २०२४ च्या एप्रिलांत मातुःश्रींना सोलापुरास डॉक्टरांकडे दाखवून आम्ही परत येत होतों. तामलवाडीचा टोलनाका मागें पडला, पुढें घाटाचा चढ लागला, आणि समोरच्या तक्त्यावर तांबडा दिवा उजळला. आम्हीं गाडी कडेस घेऊन यंत्र बंद केलें. पुढच्या झांकणाखालून वाफ येत होती आणि रस्त्यावर हिरवट पाण्याचा ओघळ लागला होता. प्रसंग काय तो एवढाच. त्याचा अर्थ लावण्यांत मात्र पुढचे सात महिने गेले.

ज्या वाचकांनीं मोटारीचें पोट कधीं उघडून पाहिलें नसेल त्यांच्याकरितां चार शब्द सांगणें अवश्य आहे. इंधन जाळून जी उष्णता निघते तिचा साधारणतः तिसरा हिस्साच चाकें फिरविण्याच्या कामीं येतो. जवळजवळ तितकाच धुराबरोबर निघून जातो, आणि उरलेल्यापैकीं बहुतेक यंत्राभोवतीं खेळणाऱ्या पाण्यानें वाहून न्यावयाचा असतो. हें पाणी खेळतें ठेवणारा तो वॉटर पंप. त्याचें सील गेलें कीं पाणी गळून जातें, उष्णता कोंडते, यंत्राच्या माथ्यावरचा अॅल्युमिनियमचा भाग, ज्यास कारागीर 'हेड' म्हणतात, तो वांकतो, आणि त्याखालचें गॅस्केट जळतें. भर उन्हांत, चढावर, हें सारें फार थोड्या वेळांत घडतें. सोलापुरच्या ज्या कारखान्यांत गाडी ओढून नेली त्यानें ती उघडून नेमकें हेंच लिहून दिलें, आणि १ लक्ष ३८ हजार रुपयांचा अंदाज आमच्या हातीं ठेविला.

यथावकाश पत्र आलें. वॉटर पंप हमींत बसतो, सबब तो विनामूल्य बदलून मिळेल; त्याची किंमत साडेचार हजार. हेड व गॅस्केट यांचें नुकसान मात्र 'अतितापामुळें' झालें असून अतिताप हा अपवादांत मोडतो, सबब तो खर्च मालकानें सोसावा. हें वाचून आम्ही थक्क झालों. पंप फुटल्यावांचून पाणी गेलें नाहीं, पाणी गेल्यावांचून ताप वाढला नाहीं. त्या सांखळीची पहिली कडी कंपनीची आणि शेवटची आमची, असा हा न्याय! विष आम्हींच दिलें हें कबूल, परंतु मनुष्य मेला तो श्वास थांबल्यामुळें, असें म्हणण्यासारखेंच हें झालें. बरें, या न्यायाचा जाब विचारावा तरी कोणास? हमी विकली एकानें, तिच्यावर शिक्का दुसऱ्याचा, आणि नकार लिहिणारा तिसराच. विक्रेता म्हणे आमच्या हातीं कांहीं नाहीं. शिक्केवाला म्हणे कारखान्याचा अहवाल आणा. नकार देणारास तर फोनवर नांवच नव्हतें, नुसता क्रमांक होता.

संपूर्ण नियमावली आम्हांस तिसऱ्या मागणीनंतर मिळाली. गाडी घेतांना हातीं आलें होतें तें केवळ एक पानाचें प्रमाणपत्र. ती इंग्रजींत होती हें सांगणें नकोच. जन्मभर इंग्रजी ग्रंथांचीं अवघड वाक्यें फोडून दाखविण्याचा धंदा केलेल्या आम्हांस त्यांतील एक वाक्य तीनदां वाचावें लागलें. मग अणदूर किंवा काक्रंबा येथील शेतकऱ्यानें, ज्यानें द्राक्षाच्या पैशांतून गाडी घेतली, त्यानें काय करावें? अमेरिकेंत १९७५ च्या कायद्यानें हमीचा मजकूर साध्या व सहज समजणाऱ्या भाषेंत असला पाहिजे असें बंधन घातलें. साध्या इंग्रजीचें तिकडे जें महत्त्व तेंच आपल्याकडे मराठीचें समजावयास हवें.

आम्हीं लेखी हरकत घेतली, तेव्हां दुसरें पत्र आलें, आणि त्यांत दोन नवीं कारणें होतीं. पहिलें असें कीं २०२१ सालची वार्षिक तपासणी ३३ दिवस उशिरानें झाली. नियम दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, 'यांपैकीं जें आधीं होईल तें' असा आहे. (या पांच शब्दांत विकणाराचें सारें शहाणपण साठविलेलें आहे. ज्याची गाडी फार फिरते त्यास किलोमीटर गांठतात, ज्याची थोडी फिरते त्यास पंचांग गांठतें.) परंतु २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत महाराष्ट्रांत साथीचे कडक निर्बंध होते, एका जिल्ह्यांतून दुसऱ्यांत जाण्यास मनाई होती, आणि ज्या कारखान्यांत तपासणी करावी असा नियमच होता तो दुसऱ्या जिल्ह्यांत व बंद होता. दुसरें कारण अधिक गंभीर. यंत्र तापल्याचें काट्यावर दिसत असतांहि आम्हीं गाडी पुढें चालविली असली पाहिजे, असा तर्क त्यांनीं बांधला होता.

हें आम्हीं गांवांतील एका जुन्या मिस्त्रींस वाचून दाखविलें. ते हंसले व म्हणाले, "सर, काटा पाण्याचा ताप सांगतो. पाणीच गेल्यावर सांगणार कोण?" आम्हांस वाटतें, कार्यकारणभावावर इतकें नेमकें वाक्य आम्हीं तत्त्वज्ञानाच्या पुस्तकांतहि फारसें वाचलेलें नाहीं. पाणी मोजणारा कांटा पाण्याबाहेर उघडा पडला तर आंत आग असतांहि तो शांत राहूं शकतो. पुढें मिस्त्रींनींच युक्ति सांगितली. हल्लींच्या गाड्यांत बिघाडाची नोंद यंत्र स्वतःच ठेवतें. ती छापून मागा, म्हणाले. मागितली. दोन आठवडे टोलवाटोलवी होऊन ती मिळाली, तेव्हां बिघाड नोंदला गेला त्या क्षणीं गाडी जितके किलोमीटर चाललेली होती आणि ओढून आणल्यावर कारखान्यानें आपल्या कागदावर जितके लिहिले होते, त्यांत एका किलोमीटरचाहि फरक नव्हता. तामलवाडीच्या नाक्यावर फास्टॅगनें पैसे कापल्याची वेळ आणि आम्हीं मदतीस फोन केल्याची वेळ हीहि आम्हीं सोबत जोडलीं.

तोंवर घरीं निराळीच ओढाताण चालली होती. मातुःश्रींचें वय ७८. दर पंधरवड्यास सोलापुरास जाणें चुकत नाहीं, तें एस्. टी.नें सुरू झालें. उन्हाच्या झळांत स्थानकावर त्यांना बसविण्यास जागा शोधीत आम्ही हिंडत असूं, आणि तिकडे कारखाना गाडी उभी ठेवल्याबद्दल दररोज ३०० रुपयांचें भाडें मांडीत होता. अशा वेळीं तिसरें पत्र आलें. त्यांत आमची हरकत मान्य केलेली नव्हती. परंतु 'सद्भावना' म्हणून सुट्या भागांची निम्मी किंमत, ४७ हजार रुपये, देऊं केले होते. सोबत सहीसाठीं एक कागद होता, आणि त्यांतील मजकूर असा कीं, वाहन तापलेल्या स्थितींत चालविल्यामुळें नुकसान झालें हें मला मान्य आहे.

आमचे मेहुणे मुद्दाम आले होते. म्हणाले, "दाजी, सही करून टाका. तो कागद कोण वाचतंय?" त्यांचें म्हणणें सर्वस्वी वेडगळ नव्हतें. ४७ हजार म्हणजे मोठीच रक्कम, आणि गाडी तर हवी होती. आमच्या सौभाग्यवतींनीं मात्र तो कागद दोनदां वाचला आणि विचारलें, "उद्यां गाडी पुन्हां बंद पडली म्हणजे ते हाच कागद पुढें करणार नाहींत कशावरून?" मातुःश्री इतका वेळ गप्प होत्या. त्या एवढेंच म्हणाल्या, "मी गाडींतच होतें कीं. दिवा लागला, अन् हा थांबला." सहीचा विचार तेथेंच संपला.

महाराष्ट्रांत ग्राहकाचें दुःख ऐकून घेण्याची चळवळ जुनी आहे. १९७४ सालीं पुण्यास बिंदुमाधव जोशी यांनीं ग्राहक पंचायत उभी केली, आणि देशाचा ग्राहक संरक्षण कायदा झाला तो १९८६ च्या २४ डिसेंबरास. परंतु त्या कायद्याप्रमाणें बहुधा जेथें दुकानदार तेथें जावें लागे. २०२० च्या जुलैपासून अमलांत आलेल्या २०१९ च्या नव्या कायद्यानें तक्रारदार जेथें राहतो तेथेंहि दाद मागण्याची सोय केली आहे. आमच्यासारख्या लहान गांवच्या माणसास या एका बदलाचें मोल फार. सोलापूर किंवा मुंबई न गांठतां आम्हांस धाराशिवास, म्हणजे २०२३ पर्यंत ज्यास उस्मानाबाद म्हणत त्या जिल्ह्याच्या ठिकाणीं, तक्रार देतां आली. प्रकरण घडल्यापासून दोन वर्षांच्या आंत ती द्यावी लागते, आणि समोरच्या पक्षानें ३० दिवसांत, फार तर आणखी १५ दिवस मागून घेऊन, उत्तर द्यावयाचें असतें. वकिलांनीं आम्हांस दोन तत्त्वें समजावून दिलीं. कराराचा शब्द संदिग्ध असेल तर त्याचा अर्थ तो लिहिणाराच्या विरुद्ध लावावा हें एक; आणि अपवादाचें कलम लागू आहे हें दाखविण्याचा भार जो तें कलम पुढें करतो त्याच्यावर, हें दुसरें. विम्याच्या बाबतींत हें दुसरें तत्त्व सर्वोच्च न्यायालयानें २०२३ सालींहि पुन्हां सांगितलें आहे. तीन पत्रांत आमच्याकडूनच सारा पुरावा मागितला जात होता. आतां प्रथमच प्रश्न त्यांना विचारला जाणार होता.

तो विचारण्याची पाळीच आली नाहीं. नव्या कायद्यांत मध्यस्थीची तरतूद आहे, आणि दुसऱ्याच तारखेस कंपनीच्या वकिलांनीं ती मागितली. एका लहान खोलींत, पंख्याखालीं, एक तासभर बोलणें झालें. यंत्राची नोंद टेबलावर ठेवतांच त्यांनीं ती उचलली, वाचली, आणि 'अतिताप' हा शब्द त्यानंतर कोणीं उच्चारला नाहीं. १ लक्ष १२ हजार रुपयांवर तडजोड झाली, उभ्या गाडीचें भाडें माफ झालें. मजुरीचा कांहीं भाग आम्हांस सोसावा लागला. रकमेवर आम्हीं फार ताणलें नाहीं. ताणलें तें मान्यतेच्या त्या वाक्यावर. त्यांच्या मसुद्यांत तें अजून होतेंच, बहुधा छापील नमुन्यांतून तसेंच उतरलेलें. वकिलांनीं लेखणीनें त्यावर आडवी रेघ ओढली व बाजूस आद्याक्षरें घातलीं. त्याची प्रत आम्हीं मातुःश्रींस दाखविली. त्यांनीं चष्मा लावून ती रेघ पाहिली आणि पुढची सोलापुरची तारीख कोणती तें विचारलें.

नोव्हेंबरांत गाडी घरीं आली. त्यानंतर तीन आठवड्यांनीं एका मंजुळ आवाजाच्या बाईंचा फोन आला. आमच्या वाहनाची हमी संपली असून ठराविक रक्कम भरल्यास ती आणखी दोन वर्षें वाढवितां येईल, ही सवलत महिनाअखेरपर्यंतच आहे, असें त्या म्हणाल्या. आम्हीं नियमावलीचा संपूर्ण मजकूर आधीं टपालानें पाठवावा, शक्य तर मराठींत, अशी विनंति केली. "पाठवतें, सर," असें म्हणून त्यांनीं पत्ता लिहून घेतला, पिनकोडासकट. मजकूर अजून यावयाचा आहे.