कॅरमचे नियम भिंतीवर का लावले?



आमच्या वस्तीत बुद्ध विहाराला लागून अभ्यासिका आहे. संध्याकाळी पुस्तकं मिटली की तिथे कॅरम बोर्ड निघतो, पावडर पडते. आम्ही लहानपणापासून त्याच बोर्डावर खेळलो. पण खरं सांगायचं तर गेल्या पावसाळ्यापर्यंत आम्हाला कॅरमचे नियम माहीत नव्हते. दादा लोक सांगतील तो नियम, एवढंच माहीत होतं. पुढे आम्हीच दादा झालो.

काळी सोंगटी दहा, पांढरी वीस, राणी पन्नास. राणी कधी घ्यायची, स्ट्रायकर पॉकेटमध्ये गेला तर दंड किती, हे समोर कोण बसलंय त्यावर ठरायचं. मोठ्याचा हात रेषेपलीकडे गेला तर ‘चालतंय’, लहानाचा गेला तर फाऊल. मुलींना तर ‘तुम्हाला नियम येत नाहीत’ म्हणून बोर्डाजवळ जागाच नव्हती. शिकवायचं नाही आणि येत नाही म्हणून बाहेर ठेवायचं! ही युक्ती आपल्या समाजाने शतकानुशतकं भोगली आहे. तीच आम्ही आमच्या बहिणींवर चालवत होतो.

अकरावीतल्या एका मुलीने विचारलं, “दादा, नियम लिहिलेत कुठे?” दर २६ नोव्हेंबरला संविधानावर भाषणं देणारे आम्ही गप्प झालो.

मग आंतरराष्ट्रीय कॅरम महासंघाची नियमावली मिळवली. बोर्ड मध्ये ठेवून सगळ्यांनी मिळून वाचली. स्ट्रायकर दोन्ही रेषांना टेकलाच पाहिजे. आपली निदान एक सोंगटी गेल्याशिवाय राणी घेता येत नाही. राणी घेतल्यावर लगेच आपल्या सोंगटीने कव्हर केली नाही, तर ती परत मध्यभागी येते. गेम २५ गुणांचा किंवा आठ बोर्डांचा. राणीचे तीन गुण, तेही बोर्ड जिंकणाऱ्यालाच. आणि प्रतिस्पर्ध्याच्या उरलेल्या प्रत्येक सोंगटीला एक गुण. काळी असो वा पांढरी, एकच!

इथे आम्ही थांबलो. काळी दहा आणि पांढरी वीस हे इतकी वर्षं आम्हाला कधी खटकलंच नव्हतं. ब्रेक करणारा पांढऱ्या सोंगट्या घेतो, पण ब्रेकचा हक्क दर बोर्डाला बदलतो. पहिला फटका हा फायदा आहे, म्हणून तो कुणा एकाची मिरास राहू नये.

‘जातिप्रथेचे विध्वंसन’ या १९३६ च्या ग्रंथात बाबासाहेबांनी नियम आणि तत्त्व यांत फरक केला आहे. नियम काय करायचं ते ठरवून देतो. तत्त्व आपल्याला कृती तपासायला, तिची जबाबदारी घ्यायला लावतं. म्हणून नुसता कागद चिकटवून भागत नाही. प्रत्येक नियमाला ‘का?’ विचारायची मुभा हवी. तेवढ्यासाठी आम्ही नियमांखाली कोरी जागा सोडली. ज्याला शंका असेल त्याने तिथे लिहायची.

विरोध झालाच. “मजा गेली”, “खेळात कशाला चळवळ आणता?” ज्यांची मजा गेली ते कोण होते, ते बघा. लहान मुलं आणि मुली यांच्यापैकी एकानेही ही तक्रार केली नाही. रूढी तोंडी असते तेव्हा ती ज्याचा आवाज मोठा त्याची असते. लिहिलेला नियम निदान बोट ठेवून दाखवता येतो.

लिहिल्याने सगळं बदललं, असा आमचा दावा नाही. दिवे लागायच्या वेळी मुलींना आजही घरून हाक येते आणि मुलगे दहापर्यंत खेळतात. तो नियम कुठल्याच भिंतीवर लिहिलेला नाही. त्यावर आता घरोघरी जाऊन बोलावं लागणार आहे.

मागच्या रविवारी आमचा स्ट्रायकर एकाच रेषेला टेकला होता. त्याच मुलीने भिंतीकडे बोट केलं. सवयीने तोंडावर आलं होतं, ‘चालतंय गं.’

गिळलं, आणि स्ट्रायकर नीट लावला.

जय भीम! जय संविधान!