आवाज कुठून, त्यापेक्षा कधी

"मिस्त्री, इंजिन वाजतंय." नारायणगावच्या आसपास गॅरेज चालवणाऱ्याला टोमॅटोच्या हंगामात हे वाक्य रोजचंच. गाडी बहुतेक जुनी बोलेरो पिकअप, २५२३ सीसीचं डिझेल इंजिन, आणि मागे कागदावरच्या वजनापेक्षा जास्त क्रेट. मालक तोंडाने आवाज काढून दाखवतो. मी तो नीट ऐकतो, कारण पंपावर चालणाऱ्या या जुन्या इंजिनांना स्कॅनर लावायची सोय नाही. रोज गाडीत बसणाऱ्याचा कान हाच काय तो स्कॅनर, टेप मोठ्याने लावायची सवय नसेल तर. पण बॉनेट उघडून तो बोट दाखवतो, "इथून येतोय," तिथे माझा विश्वास संपतो. सगळं ओतीव लोखंड एकमेकांना आवळलेलं. मागचा ठोका पुढे ऐकू येतो, खालचा वर. म्हणून आवाज कुठून येतो हे मी शेवटी बघतो. आधी विचारतो, कधी येतो आणि काय केलं की बदलतो.

सकाळी थंड इंजिनात येणारा आणि थोड्या वेळाने विरणारा आवाज सहसा लगेच खिसा कापत नाही. बोअर जरा झिजला की थंड पिस्टन त्यात आपटतो, तापून फुगला की गप्प बसतो. मॅनिफोल्डचं गॅसकेट फुंकत असलं तरी असंच होतं. ते इतकं हुबेहूब टॅपेटसारखं वाजतं, की लोक टॅपेट सेट करून घेतात, पैसे देतात आणि तीच टकटक घेऊन घरी जातात. सांध्याजवळ काजळीचा काळा ओघळ आहे का, एवढं बघायला मिनिटही लागत नाही. उलट, इंजिन तापून ऑइल पातळ झाल्यावर जो जड ठोका वाढत जातो, त्याच्यापुढे मात्र मी गप्प होतो.

आमच्या धंद्यातली सगळ्यात कामाची परीक्षा एका पान्यात होते. गाडी स्लोवर ठेवायची आणि नोजलकडे जाणाऱ्या पाइपचा नट एकेक करून किंचित सैल करायचा. वर फडकं धरायचं, बोट नाही. नोजल उघडतो तोच दोनशे बारच्या आसपास, ती धार कातडीत शिरते. त्या सिलिंडरला डिझेल मिळेनासं होतं, इंजिन अडखळतं. आता ऐका. ठोका साफ गेला तर आधी नोजल काढून तपासणीला द्या. गेला नाही पण दबला, तर संशय त्याच सिलिंडरच्या पिस्टन पिनवर किंवा कनेक्टिंग रॉडच्या बेरिंगवर. काहीच फरक पडला नाही तर टॅपेट, किंवा मग आवाज इंजिनच्या पोटातला नाहीच. हे फक्त जुन्या पंपाच्या गाडीला. कॉमन रेल इंजिनात दाब हजार बारच्या वर जातो. तिथे चालू इंजिनाच्या पाइपला पाना लावायचा नाही म्हणजे नाही.

पोटातला नसेल तर काम सोपं. क्लच दाबल्यावर आवाज सुरू झाला तर रिलीज बेरिंग. न्यूट्रलमधला आवाज दाबल्यावर बंद झाला तर गिअरबॉक्समध्ये शोधा. बेल्ट काढून अर्धा मिनिट इंजिन चालवा, आवाज गेला तर वॉटर पंप नाहीतर डायनॅमो. त्यापेक्षा जास्त वेळ नको, पाणी फिरत नसतं. आणि गाडी जागची हलवू नका, कारण बऱ्याच जुन्या डिझेल गाड्यांत ब्रेकचा व्हॅक्यूम पंप डायनॅमोच्याच पाठीला असतो.

मागे एक पिकअप आली. दुसरीकडे "हाफ इंजिन करावं लागेल" असं सांगून झालेलं. ठोका खरोखर बेरिंगचाच वाटावा असा, पण ऑइलचा दाब चांगला आणि पाइप सैल केल्यावर फरक शून्य. क्रँकच्या पुढच्या पुलीत आतली कडी आणि बाहेरची कडी यांच्यामध्ये रबर असतं. मी खडूने दोन्हींवरून एक सरळ रेघ ओढली, इंजिन चालवलं, दोनचारदा रेस दिली, बंद केलं. रेघ तुटली होती. बाहेरचा तुकडा दोन बोटं पुढे सरकलेला. रबर सुटलं होतं आणि पुली आतल्या आत आदळत होती. पुली बदलून ठोका गेला. "खडूचे किती घेणार?" असं मालकाने विचारलं, तेही हसून नाही.

बेरिंगच असेल तर ते ऑइल सांगतं. काढलेलं ऑइल पांढऱ्या फडक्यावर ओतून उन्हात धरायचं. लोहचुंबकाला चिकटतो तो कीस लोखंडाचा. न चिकटणारी तांबूस चमक दिसली तर समजायचं, बेरिंगच्या कवचाचा वरचा मऊ थर गेला आणि खालचं तांबं उघडं पडलं. इथे थांबलात तर बेरिंग आणि क्रँकच्या घासकामात भागू शकतं. तसंच ओढत नेलं तर रॉड तुटून ब्लॉकला भोक पाडतो.

"अण्णा, माळशेज चढून हळूहळू आणतो की," असा फोन येतो. हळूहळूही नको. दोरीचं टोचनही नको. बंद इंजिनात ब्रेक दगडासारखा होतो, घाटात ते परवडत नाही. माल दुसऱ्या गाडीत भरा आणि क्रेन बोलवा.