उलटतपासणी

नवशिक्याच्या कोडमधील दोष हुडकताना त्याच्या कळफलकाला आपला हात लागू नये, असा माझा कटाक्ष असतो. कारण जाणत्या माणसाने चार ओळी पुसून दोन लिहून दिल्या की प्रोग्राम चालू लागतो खरा, परंतु ज्या समजुतीच्या पोटी तो दोष जन्मला, ती समजूत शाबूत राहते आणि पुढे दुसऱ्याच एखाद्या कामात निराळे रूप घेऊन उभी ठाकते.

मराठी मुलांना पायथन शिकवताना स्ट्रिंगच्या प्रकरणात मी विलोमपदे ओळखण्याचा प्रश्न हटकून देतो. एका विद्यार्थिनीने लिहिलेला प्रोग्राम वाचायला अगदी सरळ होता: शब्द घ्यावा, उणे एकच्या पावलाने उलटा करावा आणि मूळ शब्दाशी ताडून पाहावा. ‘कनक’, ‘सरस’, ‘जलज’ यांना त्याने बिनतक्रार होकार दिला. ‘नवीन’ पुढे येताच साफ नकार. ‘ती होडी जाडी होती’ या लहानपणापासून तोंडपाठ असलेल्या वाक्यालाही नकारच. “सर, उलटवायच्या ओळीतच काहीतरी चुकतंय,” ती म्हणाली. ती ओळ तिने नाना तऱ्हांनी फिरवून लिहिली होती, आणि ती मुळात बरोबरच असल्यामुळे प्रत्येक वेळी उत्तर तेच येत होते.

“उलटलेला शब्द छापून तर बघ,” मी म्हटले. स्क्रीनवर ‘नीवन’ उमटले. मग मूळ शब्दातील प्रत्येक चिन्हाचा क्रमांक तिने छापला: २३४४, २३५७, २३६८, २३४४. डोळ्यांना तीन अक्षरे दिसत होती आणि दप्तरी नोंदी होत्या चार. कारण १९८८ च्या भारतीय संकेतमानकाला अनुसरून युनिकोडने देवनागरीची जी मांडणी स्वीकारली, तीत व्यंजनाला एक क्रमांक आणि त्याच्या मात्रेला दुसरा, असा स्वतंत्र हिशेब ठेवलेला आहे. यंत्राने हुकमाची तामील तंतोतंत केली होती. फक्त ‘व’ची वेलांटी त्या उलथापालथीत शेजारच्या ‘न’च्या पदरी पडली.

याहून फसवा दाखला ‘विठ्ठल’चा. तो याच रीतीने उलटवला तर ‘लठ्ठिव’ मिळते, वास्तविक मिळायला हवे ‘लठ्ठवि’; परंतु पाय मोडणारे चिन्ह दोन सारख्याच ‘ठ’च्या मधोमध असल्याने जोडाक्षर अभंग राहते, कोठे निराधार मात्रा लोंबकळत नाही, आणि पाहणारा पुढे निघून जातो. मोडून पडलेले उत्तर निदान दोषाची वर्दी तरी देते. असे धडधाकट दिसणारे चुकीचे उत्तर मात्र महिनोन्महिने निर्वेधपणे नांदू शकते.

मग तिने लूप लिहिले: मात्रा, अनुस्वार वा पाय मोडणारे चिन्ह आले तर ते मागच्या अक्षराला जोडायचे, आणि मागचे अक्षर पायमोडके असेल तर पुढचे व्यंजनही त्यालाच जोडायचे. हे तिला सुचायला बराच वेळ लागला. त्यात तिने खट्टू होण्यासारखे काही नव्हते, हे मी तिला आवर्जून सांगितले. कारण अक्षरे कोठे तोडावीत यासंबंधी युनिकोडचा जो सर्वसाधारण नियम आहे, तोदेखील जोडाक्षराला पायमोडक्या चिन्हापुढे तोडत असे, आणि देवनागरी जोडाक्षर अखंड मानण्याची तरतूद त्यात २०२३ साली, १५.१ व्या आवृत्तीत आली.

‘नवीन’ पार पडला, ‘मध्यम’ही पार पडला; होडी अजून अडलेलीच. “रिकाम्या जागा तर मी काढल्यात,” ती म्हणाली, आणि तशी ओळ खरोखरच होती. त्या ओळीखाली वाक्य छापले, तर रिकाम्या जागा जागच्या जागी. पायथनमधील स्ट्रिंग एकदा घडली की बदलत नाही. ‘रिप्लेस’ नवी स्ट्रिंग घडवून हाती देते, आणि ती कोणत्याही नावाखाली ठेवून घेतली नाही तर तिथल्या तिथे गहाळ होते. हा नियम नवशिक्याला जाचक वाटतो, पण त्यामागे सबळ कारण आहे: डिक्शनरीत किल्ली म्हणून ठेवलेला शब्द जर मागाहून कोणी बदलू शकला असता, तर त्या किल्लीने ठेवलेली वस्तू पुन्हा सापडण्याची शाश्वतीच उरली नसती. तिने तेच नाव बरोबरीच्या चिन्हाच्या डावीकडे लिहिले, आणि होडी पार झाली.

यानंतर तिने आपण होऊन ‘चिमा काय कामाची’ घातले. नकार आला. या वेळी तिने कोडला हातही लावला नाही. आधी क्रमांक छापले. पहिल्या ‘च’ची वेलांटी २३६७, शेवटच्या ‘च’ची २३६८. प्रोग्राम खरे तेच सांगत होता. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद अशा वाक्यात मानावा की सोडून द्यावा, याचा निवाडा यंत्राकडे मागता येत नाही, तो मराठी जाणणाऱ्यानेच करायचा असतो. थोडा विचार करून तिने दोन वेगळी फंक्शने लिहिली, एकाला ‘काटेकोर’ नाव दिले आणि दुसऱ्याला ‘सैल’.