गोल कागदावर, चाल पायरीवर

कोल्हापुरात फुटबॉलचे संघ तालमींच्या नावानं ओळखले जातात. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार, बालगोपाल... जिथं लाल मातीत शड्डू घुमले, त्याच पेठांत फुटबॉल रुजला. म्हणूनच की काय, इथला जुना फुटबॉलवेडा एखाद्या खेळाडूविषयी बोलू लागला की आधी त्याची अंगकाठी सांगतो. मांड्या कशा भरलेल्या होत्या, खांद्याला खांदा भिडला तरी पाय कसा रोवून उभा राहायचा, पळताना मान कुठल्या बाजूला कलायची. गोल किती मारले हे अगदी शेवटी, तेही कुणी विचारलं तर.

शाहू स्टेडियमच्या गॅलरीत अशी माणसं ठरलेल्या पायरीवर भेटतात. नजर मैदानावर आणि तोंडात भलत्याच कुणाचं नाव. उजवीकडून आलेला क्रॉस एखाद्या पोराच्या पायातून निसटला की लगेच ऐकू येतं, "आमच्या टायमाला लेफ्ट-इन होता, त्यानं हा बॉल भुईला लागू दिला नसता." मग वाद सुरू होतो. तो डावखुरा होता की दोन्ही पायांनी खेळायचा? तो फटका मैदानाच्या मध्यातून होता की त्याच्याही मागून? दरवर्षी तो फटका हातभर लांबून बसतो. कुणी हसतं, कुणी चिडतं, पण त्या लेफ्ट-इनचं नाव मात्र दर हंगामात निघतं.

आमचे एक काका नोकरीनिमित्त मुंबईला होते. सुट्टीच्या दिवशी त्यांचा मुक्काम कूपरेजवर. 1891 साली सुरू झालेल्या रोव्हर्स कपचे सामने तिथं व्हायचे, आणि कलकत्ता, हैदराबादचे नावाजलेले संघ मुंबईकरांना बघायला मिळायचे. काका नेव्हिल डिसोझाचे भक्त. मुंबईतल्या क्लबांकडून खेळणाऱ्या या फॉरवर्डनं 1956 च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅट्ट्रिक केली. ऑलिम्पिक फुटबॉलमधली ती कुणाही आशियाई खेळाडूची पहिली हॅट्ट्रिक. भारत 4-2 असा जिंकला, उपांत्य फेरीत पोहोचला आणि शेवटी चौथा आला. पण काकांच्या तोंडी हे सगळं एका वाक्यात उरकायचं. मेलबर्न त्यांनी पाहिलं नव्हतं. मग ते जेवता जेवता उठायचे, धोतराचा सोगा वर खोचायचे आणि कूपरेजवर पाहिलेला नेव्हिल स्वतःच्या पायानं दाखवायचे. त्यांना जमायचं नाही, तोल जायचा, काकू रागवायच्या. तरी काहीतरी कळायचं. वर्तमानपत्राच्या कात्रणातून ते मला कधीच कळलं नाही.

कागद गोल जपून ठेवतो. 1962 ची जकार्ता आशियाई स्पर्धा घ्या. अंतिम सामन्यात दक्षिण कोरियावर 2-1 असा विजय, गोल पी. के. बॅनर्जी आणि जर्नैलसिंगचे. जर्नैल मुळात बचावपटू. डोक्याला टाके पडलेले असताना प्रशिक्षक रहीमसाहेबांनी त्याला पुढे खेळवला. कर्णधार चुनी गोस्वामी. एवढं कुठंही सापडेल. त्याच संघात फोर्तुनातो फ्रँको नावाचे गोमंतकीय हाफबॅक होते. गोवा मुक्त होऊन तेव्हा वर्षही उलटलेलं नव्हतं. हाफबॅकचं काम म्हणजे समोरच्याचा पाय वाचायचा, बॉल काढून घ्यायचा आणि पुढच्याला देऊन मोकळं व्हायचं. गोल लागतो तेव्हा तो कॅमेऱ्यापासून लांब मागे असतो. 2021 मध्ये फ्रँको गेले. त्यांनी किती बॉल काढून घेतले, याचा हिशेब कुठल्या वहीत असणार?

1948 च्या लंडन ऑलिम्पिकचंही तसंच. नोंद सांगते, फ्रान्सकडून 1-2 पराभव, दोन पेनल्टी वाया. लोकांच्या लक्षात राहिली ती अनवाणी पावलं. माणसं हरल्याचं विसरली असं नाही. निकालापेक्षा खेळणारा मोठा, एवढंच त्यांनी ठरवून टाकलं.

म्हातारे आपल्या तरुणपणासाठी झुरतात, खेळाडू हे निमित्त, असं शहाणी माणसं सांगतात. मला ते पटत नाही. तसं असतं तर गोष्टीत त्यांनी स्वतःला पुढे बसवलं असतं. ते तर कायम गर्दीत चेंगरलेले, चप्पल हरवलेले, टाचा उंचावून बघणारे असतात. मला यात परतफेड दिसते. पेठेतल्या त्या खेळाडूंना खेळाचा पगार नव्हता. कुणी गुळाच्या अडतीवर, कुणी पोलिसात, कुणी वर्कशॉपमध्ये. जिंकल्यावर गुलाल, खांद्यावरून मिरवणूक, तांबडा-पांढरा रस्सा; आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कामावर. त्यांना देणं लागणाऱ्यांकडे द्यायला एकच गोष्ट उरते, ती म्हणजे चारचौघांत त्यांचं नाव घेणं.

आता प्रत्येक सामना मोबाइलवर टिपला जातो. कोल्हापूरचा अनिकेत जाधव 2017 मध्ये सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला, तेव्हाचे सामने आजही बघता येतात. म्हणून पायरीवरच्या माणसांचं काम संपलं असं मी समजत होतो. पण फिरणाऱ्या क्लिप बघितल्या की कळतं, त्या गोलाच्या दोन क्षण आधी सुरू होतात. बॉल जिथून काढून घेतला गेला, तो तुकडा आधीच कापलेला असतो.

त्यामुळे हल्ली मी बॉलवरची नजर अधूनमधून मुद्दाम काढतो. गेल्या हंगामात एका सामन्यात असाच एक सडपातळ हाफबॅक दिसला. सगळं मैदान गोलच्या जल्लोषात होतं आणि तो मागे उभा राहून बुटाची नाडी बांधत होता. मी शेजारच्याला त्याचं नाव विचारलं, गाव विचारलं, कुठल्या गल्लीतला तेही विचारलं. पुढं कुणाला सांगायचं म्हटलं तर एवढं माहीत हवंच.