बातमी जिथली, तिथला माणूस

श्री. जेम्स ॲरन्सन पुरस्कार यांस,


यंदाही सहा नंबरच्या गाडीने अडुसष्टाव्या रस्त्यावर उतरले आणि न्यूयॉर्कच्या हंटर कॉलेजात आपल्या समारंभाला येऊन बसले. सामाजिक न्यायाच्या पत्रकारितेचा सन्मान आपण 1990 पासून करत आहात. शेजारची विद्यार्थिनी वहीत झरझर लिहून घेत होती, ते पाहून बरं वाटलं. (इतक्या वर्षांच्या ओळखीत 'आपण' फार वेळ टिकत नाही. 'तू'च म्हणते.)

ज्याच्या नावाने तू आहेस, त्या ॲरन्सनविषयी मला आपुलकी वाटते ती समाजसुधारक आगरकरांमुळे. ॲरन्सनने न्यूयॉर्क टाइम्स सोडून 1948 मध्ये सोबत्यांसह 'नॅशनल गार्डियन' हे साप्ताहिक काढलं. रोझेनबर्ग दांपत्याच्या हेरगिरीच्या खटल्यावर शंका घेतली, सिनेटच्या उपसमितीपुढे जाब द्यायची वेळ आली, सहकारी सेड्रिक बेलफ्रेजला तर 1955 मध्ये देशाबाहेर घालवलं. पुढे ॲरन्सन हंटरमध्ये शिकवू लागला. आमच्या आगरकरांनी 'केसरी' सोडला, 1888 मध्ये 'सुधारक' काढला; लोकांनी जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा काढली, तरी फर्ग्युसनमधला त्यांचा वर्ग चालूच राहिला. म्हणून तुझं कॉलेजात असणं मला घरचं वाटतं.

आता गाऱ्हाणं. ते तुझ्या एकट्याविषयी नाही, सगळ्याच पुरस्कारांविषयी आहे. लांबून येऊन लिहिणाऱ्याचं नाव पुकारलं जातं. ज्याच्याविरुद्ध लिहिलं त्याच्याच दारावरून रोज बाजाराला जाणारा वार्ताहर मागेच राहतो. आमच्याकडे तालुक्याच्या वार्ताहराला बहुधा पगार नसतो, जाहिरातींच्या कमिशनवर घर चालतं. राजापूरचे वार्ताहर शशिकांत वारिशे रिफायनरीला विरोध करणाऱ्यांची बाजू लिहीत. 6 फेब्रुवारी 2023 रोजी त्यांना गाडीखाली चिरडलं, दुसऱ्या दिवशी ते गेले. हल्ल्याच्याच दिवशी, सोमवारी, त्यांची बातमी छापून आली होती. ती ज्याच्याविषयी होती, त्यालाच खुनाच्या आरोपावरून अटक झाली. हे आठवलं की टाळ्या वाजवताना माझे हात जड होतात.

म्हणून एक मागणं. पुढच्या वर्षी प्रत्येक विजेत्याला विचार: पहिली खबर कोणी दिली? भाषा कोणी समजावली, घरोघरी कोणी नेलं? तुम्ही परतल्यावर तिथे कोणाला उत्तरं द्यावी लागली? त्यांची हरकत नसेल तर ती नावं विजेत्याच्या नावाला जोडूनच वाच. नव्यासाठी जागा करणं तुला जमतं. व्यंगचित्रांच्या पुरस्कारात ॲरन्सनची पत्नी, चित्रकार ब्लांश ग्रॅम्ब्स हिचं नाव तू घेतलंसच. वेळ पुरत नसेल तर स्वागताची भाषणं आटोपती घे, आमची काही तक्रार नाही.

उत्तराची वाट पाहते. लोभ आहेच, तो वाढावा ही विनंती.

तुझी,
मागल्या रांगेतली एक वाचक